नैराश्य आणि मज्जासंस्था : शरीर शांत, तर मनाला आधार

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप-भूक बिघडणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. घरात आपण "उगाच टेन्शन घेतो" म्हणून मोकळे होतो. पण हा आजार आहे, कमजोरी नव्हे.

मज्जासंस्थेला शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग आपोआप चालतात. धोका जाणवला की अनुकंपी भाग छातीची धडधड वाढवतो, तर परानुकंपी भाग ती खाली आणतो. ताण फार दिवस राहिला की हा तोल बिघडतो. धडधड हुकूम देऊन थांबत नाही, श्वास मात्र आपल्या हातात असतो.

उपाय साधा आहे. पाठ टेकून बसा. नाकाने 4 सेकंद श्वास आत घ्या, 6 सेकंदांत सावकाश सोडा. म्हणजे मिनिटाला 6 श्वास झाले. श्वास सोडताना व्हेगस नसेमुळे हृदयाची गती मंदावते. दिवसातून दोनदा 5 मिनिटे करा. रोज थोडे चालणे आणि झोपेची ठरलेली वेळ, यांचाही फायदा होतो.

मात्र एवढ्याने नैराश्य बरे होईलच असे नाही. डॉक्टरांना दाखवाच. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती मनाने बंद करू नयेत.

आणि घरातले कोणी "जगून काय करू" म्हणाले, तर रागावू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर 24 तास मोफत आहे. आपण फोन लावून द्यावा, एवढे तर आपल्याला जमेल.