आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर गिरणी कामगार चालून गेले तेव्हा

डॉक्टरांना मारहाण, हॉस्पिटलची तोडफोड अशी बातमी आली की आपण पटकन म्हणतो, लोक हल्ली बिघडलेत. हल्ली? २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत हजारभर गिरणी कामगार आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेले होते.

झालं असं. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांचा आदेश निघाला: रोगी सापडला की हॉस्पिटलात न्यायचा, गरज पडली तर जबरदस्तीने. आता चाळीतल्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. घरातलं माणूस उचलून नेतात. तिथे कुणाच्या हातचं खावं लागेल ठाऊक नाही, बाईमाणसाला परका पुरुष हात लावणार, आणि गेलेला बहुतेक परत येत नाही. प्लेगवर औषधच नव्हतं, पण बाहेरून दिसायचं एवढंच, की आत गेला तो मेला. त्याच महिन्यात कुणीतरी राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. मग अफवा उठली, राणीचा राग शमवायला हॉस्पिटलवाले माणसांची काळजं काढून घेतात!

हल्ल्यानंतर आदेश सैल झाला. स्नोसाहेबांना कळवळा आला असं नाही हं. सफाई कामगारच शहर सोडून पळाले तर काय, ही धास्ती होती.

पण सरकार तिथे थांबलं नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. त्यात सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं कलम होतं. रोग्याच्या हक्काचं एकही नव्हतं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात अशाच रोगी शोधण्यावरून दंगल पेटली.

मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती जातीजमातींची प्लेग हॉस्पिटलं. पुण्यात टिळकांनीही हिंदूंसाठी असं एक उभं केलं. रामबाण औषध तिथेही नव्हतंच. पण स्वयंपाकघर आपलं, चेहरे ओळखीचे. सरकारी डोलीला घाबरणारे लोक तिथे आपणहून जायचे.

आर्थर रोडचं ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोविड रुग्ण तिथेच ठेवले होते. कायदाही तोच, १८९७ चा. एप्रिलमध्ये त्यात भर पडली: आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद.