'लिमिटमध्ये आहे'

कारखान्यातल्या हवेचे नमुने घेतले, अहवाल आला आणि सगळे आकडे मर्यादेच्या आत निघाले की विषय संपला, असे आपण धरून चालतो. व्यवस्थापन तसे मानते, तपासणी अधिकारी मानतो, पुष्कळदा कामगार संघटनाही मानते. 'लिमिटमध्ये आहे' म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच उरत नाही.

या समजुतीमागचा युक्तिवाद कच्चा नाही, म्हणून तो आधी नीट मांडायला हवा. विषाचे विषपण मात्रेत असते, हे वैद्य पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात सांगितले. त्याच्या कितीतरी आधीच्या चरकसंहितेलाही ते ठाऊक होते. प्रत्येक रसायनाची एक पातळी असते, जिच्याखाली शरीर त्याचा निचरा करू शकते. प्राण्यांवर प्रयोग करून ती शोधायची, खबरदारी म्हणून शंभराने भागायची आणि आलेला आकडा कायद्यात लिहायचा. यात सौदेबाजीला वाव कुठे?

पहिली गफलत त्या शंभरातच आहे. दहापट माणूस आणि प्राणी यांच्यातल्या फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी, हा हिशेब १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेमन आणि फिट्झह्यू यांनी मांडला, तो अन्नात मिसळायच्या पदार्थांसाठी. कारखान्यातल्या हवेला हा भागाकार सरसकट कधीच लावला गेला नाही. बिस्किटातल्या रंगाबाबत घेतलेली खबरदारी भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मिळालेली नाही, आणि आपण मात्र ती मिळाली आहे असे समजून निर्धास्त असतो.

अस्थिमज्जेला इजा करणाऱ्या बेंझीनचेच पाहा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेच्या यादीत १९४६ मध्ये त्याची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, होती. १९७७ मध्ये ती १० झाली, १९९७ मध्ये ०.५, आणि २०२४ मध्ये ०.०२. पाच हजार पटींची घसरण! एवढ्या काळात बेंझीन बदलले नाही आणि माणसाची अस्थिमज्जाही बदलली नाही. दर टप्प्यावर त्या-त्या वेळचा आकडा 'सुरक्षित' म्हणूनच वावरत होता.

यावर उत्तर ठरलेले असते: ज्ञान वाढले, आकडा खाली आला, विज्ञान असेच चालते. हे अर्धे खरे आहे. चीनमधल्या तिआंजिनच्या पादत्राण कारखान्यांतल्या कामगारांच्या रक्तात १ पीपीएमच्या खालीही पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या, ते २००४ मध्ये, आणि तो पुरावा खरोखरच नवा होता. पण १९४८ मध्ये खुद्द तेल उद्योगाच्याच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने काढलेल्या आढाव्यात बेंझीनची पूर्णपणे निर्धोक म्हणावी अशी पातळी शून्य हीच आहे, असे लिहिलेले होते. त्याच आढाव्याने पुढे शिफारस केली ती ५० पीपीएमची. म्हणजे ज्ञान कागदावर होते. शून्य आणि पन्नास यांच्यामधले अंतर दुसऱ्याच कशाने तरी भरले होते. ते कशाने, याचा अंदाज १९९० मध्ये रोच आणि रॅपापोर्ट या संशोधकांनी दिला. या मर्यादांमागची मूळ कागदपत्रे त्यांनी तपासली, तेव्हा दिसले की आकड्यांचा मेळ आरोग्यावरच्या परिणामांशी कमी आणि त्या काळी कारखान्यांत प्रत्यक्ष असलेल्या प्रमाणाशी अधिक बसतो. जे आधीपासून चालले होते त्यालाच मर्यादेचे नाव मिळाले होते.

'याहून खाली नेणे शक्यच नाही' हा या समजुतीचा दुसरा आधारस्तंभ. १९७४ मध्ये केंटकीतल्या एका पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग झाल्याचे उघड झाले. तोवर, ज्यापासून पीव्हीसी बनते त्या व्हिनाइल क्लोराइड वायूची मर्यादा ५०० पीपीएम होती. ती १ वर आणायचे ठरताच उद्योग बुडेल असा आक्रोश झाला, प्रकरण न्यायालयात गेले, तिथे नियम टिकला, आणि थोड्याच काळात कारखाने तो पाळू लागले. एका कंपनीने तर वायू काढून घेण्याचे आपले तंत्र इतरांना परवाना देऊन विकलेही.

मग मर्यादा हे थोतांडच, एक कणही नको, असे म्हणणारे दुसऱ्या टोकाला जातात. तेही मला पटत नाही. आपल्या पेट्रोलमध्ये आजही एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. शून्याचा आग्रह धरला तर पंपावर नळी धरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. आकडा हवाच. फक्त तो किती तासांचा आणि किती धोक्याचा, हे त्याच्यासोबत लिहिलेले हवे.

तासांची गोष्ट आपल्या दाराशी आली आहे. हे आकडे आठ तासांच्या पाळीसाठी असतात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. ब्रीफ आणि स्काला या संशोधकांच्या १९७५ च्या सूत्राने बारा तासांच्या पाळीला मर्यादा थेट निम्मी करावी लागते, कारण श्वासात जाणारे रसायन वाढते तेवढेच नव्हे, ते बाहेर टाकायला मिळणारे तासही घटतात. आठवड्याचे तास तेवढेच ठेवले तरी रोजचा हा हिशेब चुकत नाही. तासांवर वाद पुष्कळ झाला, पण पीपीएमचे नाव मला त्यात कुठे दिसले नाही.

धोक्याचे काय, ते जर्मनीने करून दाखवले आहे. तिथे कर्करोगकारक रसायनांना दोन रेषा आहेत. बेंझीनसाठी वरची ०.६ पीपीएम: चाळीस वर्षांच्या नोकरीत हजार कामगारांमागे चार जादा कर्करोग, याच्यावर काम चालू देणे मान्य नाही. खालची ०.०६: दहा हजारांमागे चार. दोहोंच्या मध्ये असलेल्या कारखान्याने प्रमाण कसे उतरवणार याचा आराखडा द्यायचा. तिथला कामगार आपण कोणत्या पट्ट्यात उभे आहोत हे विचारू शकतो, आणि उत्तर माणसांच्या संख्येत मिळते. आपल्या कारखाने अधिनियमाला भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत, मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. त्यात रकाने होते ते पीपीएमचे आणि मिलिग्रॅमचे. कर्करोगकारक रसायनांपुरता तरी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात हजारी किती, ते लिहावे.