गणवेश चालेल, जातीची खूण चालणार नाही!

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. भोर हे पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाले. पण माणसाने अंगावर काय घालावे, हा प्रश्न त्याआधी वीस वर्षे घाटाखाली पेटला होता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. या देशातला हा जुना ड्रेस कोड! हेतू एकच, लांबूनच जात कळावी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये ही मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महिलांना सांगितले: गुडघ्यापर्यंत लुगडे नेसू नका, कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाकून द्या. ग्रंथ जाळणे आणि लुगडे बदलणे, लढा एकच होता.

पुढे १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी इंदूरकडच्या बलाईंचा दाखला दिला. तिथे सवर्णांचे फर्मान होते: जरीकाठी पगडी नको, रंगीत काठाचे धोतर नको, बायकांच्या अंगावर सोनेचांदी नको. महाडला चांदी उतरवा म्हणणारे बाबासाहेब इथे चांदीबंदीचा निषेध करतात. ही विसंगती आहे का? मुळीच नाही. मुद्दा दागिन्याचा नव्हता, जातीची खूण लादण्याचा होता.

म्हणूनच गणवेश आपला शत्रू नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्दीने आपल्याला मान दिला, कारण ती नेमलेल्या कामाची होती, जातीची नव्हती.

आज भोर-वेल्ह्याची पोरं पुणे-सातारा महामार्गावरच्या हॉटेलांत, शोरूममध्ये, शहरातल्या मॉलच्या काउंटरवर उभी राहतात. ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने सरकारी कार्यालयांतही पोशाखाचे नियम आले. नियमाला ना नाही. पण चार प्रश्न विचारा. नियम साहेबापासून शिपायापर्यंत सारखा आहे का? गणवेशाचा खर्च कोणाच्या पगारातून जातो? कपाळावरचा टिळा चालतो, मग मनगटावरचा निळा धागा का खुपतो? आणि ‘प्रेझेंटेबल हवा’ या शब्दाआड रंग, बोली, आडनाव तर तपासले जात नाही ना?

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, एकट्याने नको, संघटनेने. मागणी लेखी द्या, पोच घ्या. इस्त्रीचा शर्ट जरूर घाला, पण मान ताठ ठेवून.

जय भीम!