आईच्या हातात काय असतं?
लेकरं मोठी झाली तरी आई हात देतेच. पण त्या हातात काय असेल, हे इतिहास ठरवतो. अमेरिकेत १९३४ पासून सरकारी हमीमुळे गोऱ्या कुटुंबांना घरकर्ज सोपं झालं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मात्र नकाशावर लाल रंगवून वगळल्या. १९६८ साली कायद्याने हा भेदभाव बंद केला, तोवर एक पिढी सरली होती. म्हणून उतारवयात गोरी आई बहुधा लेकाच्या घराला पैसा देऊ शकली. कृष्णवर्णीय आईने नातवंडं सांभाळली, लेकीला आपल्याच खोलीत जागा दिली. माया सारखीच, मालमत्ता वेगळी.
आपल्याकडेही ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं आजीच सांभाळते. तिचं नाव सातबाऱ्यावर आहे का?