कणगी कुणाची?



मी इतिहासाचा मास्तर नाही. नववीत शाळा सुटली, पुढं सूतगिरणीत लागलो. रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या पायरीवर बसून जे वाचलं नि आजीच्या तोंडून जे ऐकलं, त्यावर हे लिहितोय. चुकलं तर भांडा, पण वाचा.

हा विषय डोक्यात शिरला तो २०२० च्या मार्चात. २४ तारखेला रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं, मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद. गिरणीला कुलूप लागलं, पगाराचं नाव कुणी काढीना. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली माणसं तासाभरात दुकानातून गोणी-गोणी उचलून घेऊन गेली. आमच्या डब्यात चार दिवसांचं पीठ. मी आजीवर चिडलो, म्हणालो, थोडं साठवून ठेवता येत नव्हतं? आजी म्हणाली, "साठवायला आधी उरावं लागतं, बाबा. आपल्याकडं उरलंवतं कधी?"

तेव्हापासून मी उरणं शोधतोय. कुणाकडं उरलं, कसं, नि आपल्याकडं का नाही?

आपल्या मुलखात साठवणीची विद्या जुनी आहे. जमिनीत पेव खणायचं, तळाला नि कडेनं कडबा-भुस्सा लावायचा, आत ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. कोरड्या जागी अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की आतली हवा जीवघेणी असते. म्हणून तोंड उघडं ठेवून, दिवा सोडून बघायचं नि मग उतरायचं. आजीच्या गावात सगळ्यात आधी उतरायला हाक कुणाला, तर आमच्या आळीला. पेव खणायला आम्ही, उतरायला आम्ही, पोती वर द्यायला आम्ही. ज्वारी पाटलाची. आमच्या वाट्याला बलुतं. तेही खळ्यावर, शेवटी, त्यांच्या मर्जीचं. ते पुढच्या सुगीपर्यंत कसं पुरावं? घरात कणगी नव्हती. होती गाडग्यांची उतरंड, त्यातली निम्मी रिकामी.

१८७६ ला दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर, सगळीकडं हाहाकार. दाणा देशात होता, पण तो भाव चढायची वाट बघत होता. देशाबाहेर धान्य जाणंही थांबलं नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. १८७७ ला रिचर्ड टेंपलनं मजुरी खाली आणली, दिवसाला रत्तलभर धान्य नि वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला रत्तलभर! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारली, कामं सोडली. हे ध्यानात ठेवा. भुकेला माणूस नुसता हात पसरतो, हे खोटं आहे. त्याच साली सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना दुष्काळाचं पत्र लिहिलं, तारीख २० एप्रिल. सत्यशोधकांनी धनकवडीच्या छावणीत पोरक्या पोरांना जेवू घातलं. कोठार नव्हतं, तरी माणसं एकत्र आली नि चूल पेटली.

आता एक गोष्ट लिहितो, जी लिहायला आपल्यातल्या काहींना लाज वाटते. आपल्या घरात एक साठा होता. मेलेलं ढोर ओढायचं काम आपलं. त्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या नि गाडग्यात भरायच्या. आमच्याकडं त्यांना चान्या म्हणतात. पावसाळ्यात हाताला काम नसलं की चार तुकडे पाण्यात शिजवायचे. दुष्काळात गावाची कणगी रिकामी व्हायची तेव्हा ढोरं मरायची नि आपलं गाडगं भरायचं. ही चैन नव्हती. जगायची तजवीज होती, दुसरी कुठली करू दिली नव्हती म्हणून.

आणि १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. काय मागितलं ते नीट समजून घ्या. घरातली अखेरची शिदोरी मागितली. लोकांनी ती दिली. लहानपणी मला हे साधं वाटायचं. चार दिवसांचं पीठ पुरवताना कळलं, केवढं होतं ते.

बाबासाहेबांना भूक दिसत नव्हती काय? तसं नाही. शिळंपाकं मागणं सोडा म्हणाले, तसं शेतीकडं वळा, पडीक जंगलजमिनी मिळवा, हेही म्हणाले. १९२८ ला महारवतनाचं बिल मुंबई कौन्सिलात मांडलं. बलुत्यावर जगणाऱ्याची मान कायम बलुतं देणाऱ्याच्या हातात असते, हे त्यांनी ओळखलं होतं.

महाडनंतर काय झालं? तळ्याचं पाणी प्यायलो म्हणून मारहाण झाली नि मग बहिष्कार. मुंबई सरकारनं १९२८ ला स्टार्ट कमिटी नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात तिनं नोंदवलं, की अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांचे रस्ते अडवतात, वाण्याला माल विकू देत नाहीत, नि बहिष्काराला किरकोळ कारणही पुरतं. म्हणून त्याच साली गोलमेज परिषदेला जाताना त्यांनी मागण्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवा असं मांडलं. बर्मातल्या १९२२ च्या कायद्याचा मसुदा त्यासाठी पुढं ठेवला.

म्हणजे आपला दुष्काळ दोन तऱ्हेचा. एक आभाळाचा, तो सगळ्यांवर येतो. दुसरा गावाचा, तो फक्त आपल्यावर येतो. पाऊस पडलेला असतो, दुकानात ज्वारी असते, आपल्या हातात पैसाही असतो, तरी चूल थंड.

१९७२ ला आभाळाचा आला. आजी तेव्हा बावीस वर्षांची. कडेवर पोर घेऊन तिनं खडी फोडली. सुकडी खाल्ली, रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्या हातांमुळं रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला. २०१३ ला अन्नसुरक्षेचा कायदा आला, माणशी पाच किलो. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक-आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला. बाबासाहेबांनी १९३० ला मागितलं ते एवढ्या वर्षांनी कागदावर आलं. पण कागद शिजत नाही. तक्रार नोंदवून घेईपर्यंत पोरं काय खातील?

म्हणून माझं म्हणणं ऐका. वस्तीची एक कणगी करा. पन्नास घरं धरा, घरटी पाच माणसं. रोज सैपाकाच्या वेळी घरातल्या बाईनं एक मूठ दाणा बाजूला काढायचा. मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम. वर्षाला एका घराचे अठरा किलो, वस्तीचे नऊ क्विंटल. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धरले, तर अडीचशे माणसं नऊ दिवस कुणाच्या दारात न जाता जगतात. नऊ दिवसांत वकील गाठता येतो, मोर्चा निघतो, शेजारच्या तालुक्यातनं मदत पोचते. दाणा उन्हात कडक वाळवा, कडुनिंबाचा वाळका पाला घाला, नवा आत घालताना जुना आधी वाटून टाका. ठेवा विहारात. वही पोरांकडं, किल्ली बायांकडं. पुढाऱ्याकडं किल्ली द्यायची नाही.

आमच्या वस्तीत हे सुरू करून दोन वर्षं झाली. पन्नासातली एकतीस घरं मूठ देतात. बाकीच्यांकडं अजून खरंच उरत नाही, त्यांच्याकडं आम्ही मागत नाही. त्यांची नावं वहीत आहेत, वाटपाच्या पानावर.

पहिली मूठ आजीनं टाकली. काही बोलली नाही. हात झटकला नि भाकरी थापायला बसली.

जय भीम.