भाड्याचं घर घेण्याआधी वाचायचा इतिहास

पगार सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली, की आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला एक सल्ला मिळतो. पुण्यात फ्लॅट घे, भाड्याने दे, हप्ता भाडेकरू भरेल. वारणानगरहून पुण्याला गेलेल्या माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हा सल्ला ऐकला आहे आणि काहींनी अमलातही आणला आहे. सल्ला देणारे एक्सेलची शीट दाखवतात. त्यात व्याजदर, भाडं, भाववाढ सगळं असतं. नसतो तो फक्त कायदा, आणि कायद्यामागचा इतिहास. महाराष्ट्रात भाड्याने घर देण्याच्या धंद्याला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मालकांची पिढीच्या पिढी कशी अडकली ते लिहून ठेवलेलं आहे. पहिलं घर घेणाऱ्याने एक्सेलच्या आधी हे वाचावं.

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली आणि त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. ज्याच्याकडे थोडा पैसा होता त्याने जागा घेऊन दोन-तीन मजले चढवले. आजच्या भाषेत हे ‘रेंटल इन्व्हेस्टमेंट’च होतं. १८९६ साली प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती. शहरात जागेची एवढी टंचाई असताना या खोल्या भराभर भरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यातल्या अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगाराला काम जिथे तिथून चालत जाता येईल अशी जागा हवी होती, आणि तीही त्याच्या पगारात बसणारी.

भाड्याच्या धंद्यातला पहिला धडा इथेच मिळतो. ‘घरांची टंचाई आहे’ आणि ‘माझ्या घराला भाडेकरू मिळेल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मागणी शहराला नसते. ती एका रस्त्याला, एका बसथांब्याला, एका पगाराला असते.

दुसरा धडा महागात पडलेला आहे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आलं. ते तात्पुरतं होतं आणि १९२८ च्या सुमारास संपलंही. दुसऱ्या महायुद्धात ते परत आलं आणि पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्यात ‘प्रमाणभाडं’ ठरलं ते १ सप्टेंबर १९४० या दिवशीच्या भाड्यावरून. हाही कायदा तात्पुरताच होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत तो पन्नासहून जास्त वर्षं चालला.

हा कायदा आणणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण १९४७ सालचं शहर डोळ्यांसमोर आणून पाहावं. फाळणीनंतर निर्वासित येत होते, बांधकामाचं सामान मिळत नव्हतं. मालकाला मोकळं सोडलं असतं तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. संरक्षण गरजेचंच होतं. चूक झाली ती गोठवण्यात. बाकी सगळ्याचे भाव चढत गेले आणि भाडं मात्र १९४० मध्येच राहिलं. त्या भाड्यात कौलं बदलणंही मालकाला परवडेना, मग त्याने दुरुस्ती सोडली. कायद्याने बंदी असूनही पागडीचा व्यवहार रुजला. भाडेकरू आपला हक्क विके आणि मालकाला त्यात वाटा मिळे. इमारती कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून सरकारने दुरुस्ती मंडळ नेमलं आणि इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती सुमारे १९,६०० होत्या. १९८६ साली म्हाडा कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केली तर सरकार अशी इमारत संपादित करू शकतं, आणि मालकाला मोबदला मिळतो मासिक भाड्याच्या शंभरपट. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट! पन्नास रुपये भाड्याच्या खोलीचे पाच हजार.

मालक कोर्टात गेले. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात पोचलेल्या या वादातला घटनात्मक प्रश्न ५ नोव्हेंबर २०२४ ला सुटला. प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं. मधे बत्तीस वर्षं गेली. गुंतवणुकीत ‘जोखीम’ म्हणतात ती भाव पडण्याचीच असते असं नाही, हे या आकड्यावरून कळतं.

मालकांनी यातून पळवाट काढली होती. भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लीव्ह अँड लायसन्स’ करायचं. म्हणजे वापरायची परवानगी द्यायची, हक्क नाही. ही कल्पना १८८२ च्या ईझमेंट कायद्यातली. पण १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी म्हणून राहत होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. रात्रीत परवानगीचा हक्क झाला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने जो निष्कर्ष काढला तो आपल्या घराघरांत अजून ऐकू येतो. ‘कुलूप लावून ठेवू, पण भाड्याने नको.’ २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी सापडली. सगळी या भीतीने रिकामी नव्हती, पण ही भीती त्यात होती.

अकरा महिन्यांच्या कराराची सवयही जुनीच आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून अकरा महिने. आज महाराष्ट्रात या युक्तीला अर्थ उरलेला नाही, तरी स्टँपपेपरवर नोटरी करून अकरा महिन्यांचे करार चालूच आहेत.

अर्थ का उरला नाही, ते सांगतो. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येऊ लागली. नव्या मालकाच्या कामाची कलमं दोन आहेत. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस जागा सोडत नसेल, तर दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. थोडेसे पैसे वाचवण्यासाठी जो ती टाळतो, तो पन्नास वर्षांच्या भांडणातून मिळालेलं संरक्षण हाताने सोडतो.

आता हिशेब. समजा ६० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिना २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे ४ टक्के. शीट इथेच थांबते. पुण्यात ७ टक्के मुद्रांक आणि ३० हजार नोंदणी फी धरली, पंखे-कपाटं-गीझर धरले, की खर्च ६६ लाखांवर जातो. वर्षातून एक महिना घर रिकामं राहील असं धरा, मिळकत २ लाख २० हजार. सोसायटीचे महिना तीन हजार (भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जादा आकार लावते, पण तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावा असा सरकारी आदेश आहे), म्हणजे ३६ हजार. घरफळा १२ हजार. दलाली, रंग, नळदुरुस्ती २० हजार. हातात उरले १ लाख ५२ हजार. सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, तेही आयकराआधी. ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४१,६५० येतो. भाडेकरू त्यातले साडेबारा हजार भरतो. बाकीचे २९ हजार दर महिन्याला आपण. ‘हप्ता भाडेकरू भरेल’ हे वाक्य असं संपतं.

मग घेऊच नये का? तसं नाही. आमच्या भागाकडे पाहा. वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांच्या साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि आसपास मुलांना भाड्याने द्यायच्या खोल्या झाल्या. इथल्या मालकाचं गणित वेगळं असतं. जमीन आधीचीच, स्वतः खाली राहतो, नळ गळला तर सकाळी कळतं, मुलगा कुठल्या गावचा आहे हे ठाऊक असतं. दलाली नाही, हप्ता लहान किंवा नाहीच. म्हणून ते परवडतं. पण त्यालाही बीडीडी चाळीचा नियम लागू आहेच. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या होतात, आणि सगळी मागणी एका संस्थेच्या प्रवेशांवर टेकलेली असते. त्या वर्षी प्रवेश कमी झाले तर शेजारच्या गावातून भाडेकरू आणता येत नाही.

तेव्हा नवख्याला माझं सांगणं एवढंच. आपल्याला रोजच्या रस्त्यासारखा माहीत आहे तोच भाग निवडा. कागद वकिलाकडून तीस वर्षं मागेपर्यंत तपासून घ्या, आणि आपल्याकडे गुंठेवारीचे प्लॉट फार असल्याने जमीन बिगरशेती झाली आहे का हे आधी विचारा. भाववाढ शून्य धरून हिशेब मांडा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका. करार नोंदवा. दुरुस्ती टाळू नका. मुंबईतल्या मालकांनी ती नाइलाजाने टाळली होती, आपला तसा नाइलाज नाही.

आणि समोरच्याला विसरू नका. आपण स्वतः पुण्यात कुणाचे तरी भाडेकरू आहोत. डिपॉझिट परत मिळेल की नाही, पुढच्या वर्षी भाडं किती वाढेल, या काळज्या आपल्याला माहीत आहेत. मालकाला हवी असते ठरल्या दिवशी जागा परत मिळण्याची खात्री आणि भाडेकरूला हवी असते ठरल्या दिवसापर्यंत कुणी उठवणार नाही याची. शंभर वर्षांत कायदा कधी एकाच्या बाजूला झुकला, कधी दुसऱ्याच्या, आणि प्रत्येक वेळी घर तेवढं पडत गेलं. दोघांची खात्री एकाच नोंदवलेल्या कागदावर मावते. तो करण्याइतका धीर ज्याला नाही, त्याने पैसे मुदतठेवीत ठेवलेले बरे.