बुधन शबर खटला आणि चळवळीचा पैसा

अनुदान म्हटले की कार्यकर्ता विकला गेला, अशी शंका आपल्याकडे लगेच येते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध उभे राहायचे तर पैसा नेमका कोठे लागतो? मला त्यासाठी पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्याकडे पाहावेसे वाटते.

तेथील खेडिया शबरांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलिसांचा संशय मात्र कायम राहिला. १० फेब्रुवारी १९९८ रोजी बुधन शबरला पोलिसांनी पकडले. १७ तारखेला तो तुरुंगात मरण पावला. गमछ्याने गळफास घेतला, असे सांगण्यात आले. प्रेत जळले असते तर प्रकरण तेथेच संपले असते. परंतु वस्तीने प्रेत घरातच पुरले आणि पोलिसांना दाखविण्यापुरता गवताचा पुतळा जाळला! शिकलेल्या किती माणसांना हे सुचले असते?

पुढे पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. महाश्वेता देवी तिच्या पाठीशी होत्या. प्रेताची पुन्हा तपासणी झाली. जुलैमध्ये न्या. रुमा पाल यांनी सीबीआय चौकशीचा आदेश दिला व बुधनची विधवा श्यामली हिला भरपाई देवविली.

आता कोणी म्हणेल, कायद्याची मदत तर फुकट मिळते. १९७६ साली घटनेत ३९-अ कलम आले, १९८७ साली कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातींना व कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न घालता वकील मिळतो. कबूल. पण हा वकील कागद हातात आल्यावर उभा राहतो. वस्तीपासून कोर्टापर्यंतचे एसटीचे भाडे, साक्षीदाराची बुडालेली मजुरी, नकलांची फी, रात्री ठाण्यासमोर बसणाऱ्या कार्यकर्त्याची भाकरी — हा खर्च कोणत्या कलमात बसतो? रक्कम लहान असते, पण ती त्याच दिवशी लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की, थोडा पैसा द्यावा, पण तो घटना घडण्याआधी, वस्तीत आधीपासून असलेल्या संघटनेला द्यावा. शबर समिती बुधनच्या मृत्यूनंतर जन्मली नव्हती. तिची माणसे तेथे कित्येक वर्षे होती. देणगीदार मात्र प्रस्ताव मागतो, इंग्रजीत अहवाल मागतो, ‘किती लाभार्थी’ विचारतो. पुरून ठेवलेले प्रेत कोणत्या रकान्यात लिहायचे?

त्याच वर्षी गणेश देवी, महाश्वेता देवी व आपले लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनवर नाटक बसविले आणि ते वस्तीतच केले.